नागासाकीच्या टेकडीवरचा आगाशीकर

वज्रेश्वरीच्या देवळाला तट आहे. बावन्न पायऱ्या चढून नगारखान्याखालून आत गेलं की देऊळ दिसतं, पण भोवतीच्या दगडी भिंतींमुळे खालून पाहणाऱ्याला आधी किल्लाच वाटावा. तसं वाटावं अशीच योजना होती. वसईच्या मोहिमेत चिमाजीअप्पांनी देवीला नवस बोलला, की फिरंग्यांचा कोट हाती आला तर कोटासारखंच देऊळ बांधीन. मे 1739 मध्ये वसई पडली आणि अप्पांच्या आज्ञेवरून सुभेदार शंकर केशव फडके यांनी मंदागिरीच्या टेकाडावर हे देऊळ उभं केलं. नगारखाना पुढे बडोद्याच्या गायकवाडांनी बांधला. देवीचं मूळ ठाणं उत्तरेला गुंज गावी होतं, फिरंगी अमलात ते मोडलं आणि देवी तानसेकाठच्या वडवलीला आली, असं परंपरा सांगते. वडवली म्हणजेच आजची वज्रेश्वरी.

हा नवस फेडल्याचा आनंद होता आणि तो खरा होता. वसईच्या तटाखाली मराठ्यांची हजारो माणसं पडली होती. अप्पांना मात्र तो आनंद फार दिवस भोगायला मिळाला नाही. एप्रिल 1740 मध्ये रावेरखेडीला बाजीराव गेले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात अप्पाही गेले.

आधी संकट, मग मागणं, मग सुटका आणि शेवटी आनंद, हा क्रम आपल्या ओळखीचा आहे. ख्रिस्ती श्रद्धेत ज्याला तारणाचा आनंद म्हणतात त्याचा हिशेब वेगळा आहे. शिकवण अशी, की माणसाला पापातून आणि मरणातून सोडवण्यासाठी जे मोल द्यायचं ते येशूने क्रुसावर देऊन टाकलं आणि तिसऱ्या दिवशी तो उठला. सुटका झालेलीच आहे, तेव्हा आनंदाने संकट टळायची वाट पाहायची नाही. तो संकटाच्या आधी येऊ शकतो आणि ऐन संकटातही टिकू शकतो. (वसईचे ख्रिस्ती लोक वांद्र्याच्या मोतमाऊलीला नवस बोलतात, हे मला ठाऊक आहे. शिकवण आणि माणसाचा स्वभाव यांत इतपत अंतर सगळ्याच धर्मांत राहतं.) कागदावर हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात ते कसं दिसतं हे पाहायचं तर वज्रेश्वरीहून शिरसाडमार्गे विरार गाठावं आणि पुढे आगाशीला जावं. सोळाव्या शतकात या गावातून एक मुलगा जपानला गेला, तो परत आला नाही.

23 डिसेंबर 1534 रोजी गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना लिहून दिली. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत खाडीच्या तोंडावर तटबंदीचं शहर वाढलं. फ्रान्सिस्कन आले, जेझुइट आले, त्यांचे मठ आणि शाळा आल्या. आगाशी त्याच्या उत्तरेला, जहाजबांधणीसाठी नावाजलेलं गाव. तिथे 1557च्या सुमारास गोन्सालो गार्सिया जन्मला. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. आईचं नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही. घरात तिची बोली आणि बाहेर पोर्तुगीज, अशा दुहेरी बोलण्यात तो वाढला असणार. पुढच्या आयुष्यात त्याला सगळ्यात जास्त कामाला आली ती जीभच.

कोटातल्या जेझुइटांच्या शाळेत तो शिकला. तिथल्या सेबास्तियांव गोन्साल्विश या पाद्र्याबरोबर 1572 मध्ये, जेमतेम पंधरा वर्षांचा असताना, तो जपानला निघाला. जपानात तेव्हा ओदा नोबुनागाचा जमाना होता. सरदार एकमेकांशी लढत होते, आणि पोर्तुगीज गलबतांसाठी नागासाकीचं बंदर उघडून एकच वर्ष झालं होतं. गोन्सालोने जपानी भाषा आत्मसात केली आणि आठ वर्षं जेझुइटांचा धर्मशिक्षक म्हणून काम केलं. गावोगाव हिंडायचं, मुलांना प्रार्थना शिकवायच्या, पाद्र्याचं बोलणं लोकांना समजावायचं.

त्याला जेझुइट व्हायचं होतं. त्यांनी त्याला घेतलं नाही.

कारणांचा काथ्याकूट नको. हिंदी किंवा मिश्र वंशाच्या मुलाला त्या काळी धर्मसंघांची दारं सहसा बंद असत, एवढं पुरे. जपानी तरुणांना तेच जेझुइट संघात घेत होते, त्यामुळे ही गोष्ट त्याला अधिकच बोचली असावी. आठ वर्षं राबवून घ्यायचं आणि घरात जागा द्यायची नाही, हा प्रकार आपल्याकडच्या कुठल्याही संस्थेत काम केलेल्या माणसाला नवा नाही. गोन्सालो बाहेर पडला आणि व्यापारी झाला. पूर्वेकडच्या बंदरांत त्याचा चांगला जम बसला. भाषा येत होती, माणसं ओळखीची होती, पैसा येऊ लागला.

मग तो मनिलाला गेला आणि तिथल्या अनवाणी फ्रान्सिस्कनांच्या सहवासात आला. आठ वर्षं मागून जे मिळालं नव्हतं ते इथे मिळालं. पाद्री नव्हे, साधा ब्रदर म्हणून त्याला संघात घेतलं. मिसा म्हणण्याचा अधिकार नाही, पडेल ते काम करायचं, जाडाभरडा झगा आणि कमरेला दोरी. धंदा त्याने सोडून दिला.

फ्रान्सिस्कनांच्या घरात एक जुनी गोष्ट सांगतात. असिसीच्या फ्रान्सिसला कुणीतरी विचारलं, पूर्ण आनंद कशात आहे? आंधळ्यांना डोळे देण्यात नाही, साऱ्या जगाला ख्रिस्ती करण्यातही नाही, असं तो सांगत गेला. शेवटी म्हणाला, की थंडीच्या रात्री चिखलाने माखून, उपाशीपोटी आपल्याच मठाच्या दारी यावं, द्वारपालाने ओळखू नये, भामटे म्हणून काठीने हाकलावं, आणि ते ख्रिस्तासाठी मनात किल्मिष न ठेवता सोसता यावं, यात पूर्ण आनंद आहे. दारातून परत पाठवलेल्या गोन्सालोला ही गोष्ट मनिलात कुणी सांगितली असेल तर ती त्याला निराळीच ऐकू आली असेल.

तिकडे जपानात नोबुनागा जाऊन तोयोतोमी हिदेयोशी सर्वेसर्वा झाला होता. सैनिकाच्या पोटी जन्मून साऱ्या देशाचा धनी झालेला हा माणूस हुशार, संशयी आणि लहरी होता. 1587 मध्ये त्याने पाद्र्यांनी देश सोडावा असा हुकूम काढला आणि नंतर तो फारसा अमलात आणला नाही. 1592 मध्ये त्याने कोरियावर फौज घातली आणि फिलिपाइन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरालाही शरण येण्याचं फर्मान धाडलं. गव्हर्नराने वेळ काढण्यासाठी 1593 मध्ये वकिलात पाठवली. तिचा प्रमुख पेद्रो बाउतिस्ता हा फ्रान्सिस्कन पाद्री होता आणि दुभाषा म्हणून सोबत गोन्सालो होता.

क्युशूतल्या नागोया किल्ल्यात, कोरियाच्या युद्धाची सूत्रं जिथून हलत होती तिथे, अनवाणी फकिरांचं हे शिष्टमंडळ हिदेयोशीपुढे उभं राहिलं. दोन सत्तांमधला प्रत्येक शब्द आगाशीच्या पोराच्या तोंडून जात होता. दुभाष्याचं काम म्हणजे दोन्हीकडची नाराजी आधी आपल्या कानांवर घेणं. तह झाला नाही, पण हिदेयोशीने फ्रान्सिस्कनांना क्योतोत राहू दिलं. तिथे त्यांनी चर्च बांधलं आणि महारोग्यांसाठी इस्पितळं उघडली. रोग्यांच्या जखमा धुणारे बहुतेक जपानी ख्रिस्तीच होते. त्यांच्यातला पावलो सुझुकी एका इस्पितळाचा कारभार पाहायचा.

जेझुइटांना हे रुचलं नाही. 1585 मध्ये पोपने जपानचं काम त्यांच्याच हाती सोपवलं होतं, आणि हिदेयोशीची मर्जी सांभाळून दबकत चालायचं हे त्यांचं धोरण होतं. फ्रान्सिस्कन उघड्यावर उपदेश करत. दोन्ही संघांतली भांडणं पत्रांतून रोमपर्यंत पोचली. ख्रिस्ती इतिहासातला हा भाग अजिबात उदात्त नाही, आणि तो गाळून पुढची हकीकत सांगितली तर ती खोटी वाटेल.

ऑक्टोबर 1596 मध्ये मनिलाहून मेक्सिकोला निघालेलं ‘सान फेलिपे’ हे मालाने भरलेलं स्पॅनिश गलबत वादळात सापडून तोसा प्रांताच्या किनाऱ्याला लागलं. हिदेयोशीच्या माणसांनी माल जप्त केला. त्या झटापटीत गलबताच्या सुकाणूवाल्याने नकाशा दाखवून बढाई मारली, की स्पेनच्या राजाचं राज्य एवढं मोठं आहे कारण आधी पाद्री जातात आणि मागून सैनिक येतात. हे तो खरोखर म्हणाला की नाही यावर जेझुइट आणि फ्रान्सिस्कन पुढे पिढ्यान्‌पिढ्या भांडले. हिदेयोशीला जे ऐकायचं होतं ते त्याने ऐकलं. गलबतावर फेलिपे नावाचा मेक्सिकोचा तरुण फ्रान्सिस्कनही होता. पाद्रीपदाची दीक्षा घ्यायला तो घरी निघाला होता. घर राहिलं, तो क्योतोच्या मठात आला आणि तिथल्या यादीत सापडला.

डिसेंबरात क्योतो आणि ओसाकाच्या मठांवर पहारे बसले. यादी वाचताना शिपायांनी मठातल्या मथियास नावाच्या माणसाला हाक मारली. तो बाहेर गेला होता. शेजारचा एक जण पुढे आला. त्याचंही नाव मथियासच होतं आणि तोही ख्रिस्ती होता, मग तो चालेल का, असं त्याने विचारलं. शिपायांना डोकी मोजून द्यायची होती. त्यांनी त्याला घेतलं.

एकूण चोवीस जण पकडले गेले. नाक आणि कान कापावेत असा हुकूम होता. इशिदा मित्सुनारी या अधिकाऱ्याने तो सौम्य केला आणि 3 जानेवारी 1597 रोजी क्योतोत प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापला गेला. मग गाड्यांत घालून शहरभर धिंड निघाली आणि नंतर नागासाकीपर्यंत सुमारे आठशे किलोमीटरची वाट सुरू झाली. ऐन हिवाळ्यात, बांधलेल्या हातांनी, जवळजवळ महिनाभर. वाटेत कैद्यांची देखभाल करणारे दोघे ख्रिस्ती हटेनात, म्हणून शिपायांनी त्यांनाही दोरीला बांधलं. आकडा सव्वीस झाला. वीस जपानी, चार स्पॅनिश, एक मेक्सिकन आणि एक वसईकर.

त्यांत तीन मुलगे होते. लुइस इबाराकी बारा वर्षांचा, आंतोनियो तेरा-चौदाचा, आणि तोमास कोझाकी त्याहून थोडा मोठा. तोमासचा बाप मिगेल त्याच्याबरोबरच दोरीला होता. मिहारा किल्ल्यात रात्रीचा मुक्काम असताना तोमासने आईला पत्र लिहिलं. माझी आणि बाबांची काळजी करू नकोस, आम्ही पुढे जाऊन तुझी वाट पाहतो, धाकट्या भावांना सांभाळ, असा त्याचा आशय होता. पत्र आईपर्यंत गेलं नाही. बापाच्या मृतदेहावरच्या रक्ताळलेल्या कपड्यांत ते नंतर सापडलं. हे पत्र लिहिणारा मुलगा वाटेत गाणी म्हणत चालणाऱ्या कैद्यांतला एक होता. या हकिकतीतला आनंद म्हणजे दुःख न कळणं असं कुणाला वाटत असेल तर त्याने हे पत्र लक्षात घ्यावं. धाकट्या भावांची चिंता त्यात आहे आणि आपण आईला परत दिसणार नाही ही जाणीवही आहे.

नागासाकीत शिक्षेची जबाबदारी तेराझावा हान्झाबुरो याच्यावर होती. कैद्यांतल्या पावलो मिकी या जेझुइटाला तो आधीपासून ओळखत होता. ओळखीच्या माणसाला आणि पोरांना मारायचं त्याच्या जिवावर आलं. लुइसला त्याने सांगितलं, धर्म सोड, मी तुला माझ्या घरी ठेवतो. पोरगं उलट त्यालाच म्हणालं, की त्यापेक्षा तुम्हीच ख्रिस्ती व्हा.

5 फेब्रुवारीच्या सकाळी निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस जमिनीवर आडवे ठेवले होते. जागा नेहमीच्या फाशीमाळाची नव्हती. रस्त्याच्या पलीकडे, खाली बंदर दिसेल अशा उतारावर, कोवळ्या गव्हाच्या शेतात ती होती. गुन्हेगारांच्या हाडांत ही माणसं मरू नयेत म्हणून नागासाकीच्या पोर्तुगिजांनी शब्द टाकला होता. क्रुसाला खाली पाय टेकायला एक आडवी फळी आणि मध्ये बसायला लहानसा खुंटा होता. खिळे नव्हते, मनगटं, घोटे आणि मान लोखंडी कड्यांत अडकवत. मुलांसाठी क्रूस लहान केले होते.

टेकडीवर सगळ्यांत आधी पोचला तो गोन्सालो. जवळच्या क्रुसाकडे बोट करून त्याने विचारलं, हा माझा का? नाही म्हणाले. त्याला दुसऱ्याकडे नेलं. तिथे त्याने गुडघे टेकले आणि क्रुसाला मिठी मारली.

या प्रश्नापाशी मी बराच वेळ थांबलो. ठरलेल्या जागी आलेला माणूस, जत्रेत आपली बैलगाडी शोधावी तसा, आपली वस्तू कुठे ठेवली आहे एवढंच विचारतो आहे. त्यात भाषण नाही, आव नाही. आठ वर्षं ज्याला तू आमचा नाहीस असं सांगितलं गेलं, त्याला इथे मोजून एक जागा राखून ठेवलेली होती. लहानग्या लुइसनेही टेकडीवर येताच हेच विचारलं, माझा क्रूस कुठला? तो दाखवताच तो तिकडे धावला.

क्रूस एकदम उभे झाले. सव्वीस माणसं एका ओळीत, तोंडं बंदराकडे. समोर काही हजारांची गर्दी होती. पावलो मिकी क्रुसावरून बोलला. आपण जपानीच आहोत, ख्रिस्ताची शिकवण सांगितली एवढाच आपला गुन्हा आहे, आणि हिदेयोशीला व मारेकऱ्यांना आपण क्षमा करतो, असं त्याने सांगितलं. आंतोनियो आणि लुइसने 113वं स्तोत्र म्हणायला घेतलं, मुलांनी देवाची स्तुती करावी असं सांगणारं. धर्मशिक्षणाच्या वर्गात घोकून घेतात तसलं ते स्तोत्र. मग चार भालेकरी निघाले. दोन्ही कुशींतून भाले आरपार छातीकडे जात. वेळ फार लागला नाही. गोन्सालो चाळिशीचा होता.

हा सगळा तपशील लिहून ठेवणारे श्रद्धावंत होते, हे विसरून चालणार नाही. लुइस फ्रॉइश हा म्हातारा जेझुइट तेव्हा नागासाकीत होता. त्याने लगोलग अहवाल लिहिला आणि त्याच वर्षी जुलैत तो वारला. हुतात्म्यांच्या चरित्रात रडणाऱ्याला जागा नसते. तेव्हा प्रत्येक हसरा चेहरा जसाच्या तसा धरू नये. पण काही गोष्टी कुणी सजवण्यासाठी रचत नाही. बदली मथियास, न पोचलेलं पत्र, चुकीच्या क्रुसाकडे दाखवलेलं बोट या त्यांपैकी आहेत.

दुसरी अडचण मराठी वाचकाला जास्त जवळची आहे. ज्या सत्तेने गोन्सालोला शाळा दिली तिनेच वसई-साष्टीतली देवळं मोडली, आणि गोव्यात 1560पासून धर्मसमीक्षण न्यायालय बसवलं. जपानात श्रद्धेसाठी मारले गेलेले लोक आणि इथे श्रद्धेवरून लोकांना छळणारे लोक एकाच क्रुसापुढे गुडघे टेकत होते. गुंजहून वडवलीला आलेल्या देवीच्या कथेत हीच बाजू बोलते. हिदेयोशीचा संशय निराधार नव्हता, असंही म्हणता येईल. पण टेकडीवरच्या सव्वीसांत राज्य करायला निघालेलं कुणीच दिसत नाही. इस्पितळाचा कारभारी, स्वयंपाकी, बापलेक, घरी निघालेला फेलिपे आणि एक दुभाषा अशी ती माणसं होती. पैठणला त्याच सुमारास एकनाथमहाराज हयात होते. धर्माच्या नावाने चाललेला कोरडा अधिकार आणि धर्मातला ओलावा यांतला फरक त्यांच्या श्रोत्यांना कुणी नव्याने सांगायला नको होता.

1627 मध्ये पोप आठव्या अर्बनने या सर्वांना धन्य घोषित केलं. वसईतल्या ख्रिस्ती माणसाला तोवर आपल्या भाषेत तारणाची कथा ऐकायला मिळू लागली होती. फादर थॉमस स्टीफन्सचं ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये छापलं गेलं होतं. पुढे फ्रान्सिस्को व्हाझ दी गिमारायश या फ्रान्सिस्कनाने वसई-साष्टीच्या ख्रिस्ती बोलीत येशूच्या दुःखभोगाचं पुराण रचलं आणि ते 1659 मध्ये लिस्बनला छापलं. उपवासकाळात ते गाऊन म्हणत. स्टीफन्सच्या ग्रंथाइतकं ते नावाजलं नाही. पंडितांना त्याची भाषा ओबडधोबड वाटली आणि म्हणूनच ते घराघरांत टिकलं असावं.

मग 1739 आलं. तहात राहू इच्छिणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक दिली होती. पोर्तुगीज सरदार, सैनिक आणि बरेचसे पाद्री गलबतांनी निघून गेले. कोटातली चर्चं ओस पडली. त्यांच्या घंटा उतरवून विजयाची खूण म्हणून देशावर नेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात, वाईजवळ मेणवलीला, भीमाशंकरला त्या आजही आहेत. चर्चच्या वहिवाटीत पवित्र गुरुवारी रात्री घंटा गप्प होतात आणि ईस्टरच्या जागरणात एकदम वाजू लागतात. वर्षभरातला तारणाच्या आनंदाचा सगळ्यांत मोठा आवाज तो. वसईच्या मोठ्या घंटांनी तो पुन्हा केला नाही. पण वाडवळ, कुपारी आणि कोळी ख्रिस्ती गावं जागच्या जागी राहिली. शेती, मासेमारी, वाडी चालू राहिली आणि गावचे देशी पाद्री, घरचे वडीलधारे यांच्या आधारावर धर्म पुढे सरकला.

जपानात याहून कठीण झालं. 1614 मध्ये तोकुगावांनी ख्रिस्ती धर्मावर सरसकट बंदी घातली. शेवटचे पाद्री मारले गेले आणि सात पिढ्या कुणी पाद्री नव्हता. 8 जून 1862 रोजी पोप नवव्या पायसने सव्वीस जणांना संतपद दिलं. आगाशीचा गोन्सालो हिंदुस्थानात जन्मलेला पहिला संत ठरला. जपान तेव्हा परदेशी व्यापाऱ्यांना खुला होत होता. नागासाकीच्या ओउरा भागात परदेशी लोकांसाठी एक चर्च बांधलं गेलं आणि ते या सव्वीस हुतात्म्यांच्या नावे अर्पण केलं. 17 मार्च 1865 रोजी उराकामी गावचे काही शेतकरी त्या चर्चमध्ये आले. एका बाईने तिथले फादर पेतिजां यांच्या जवळ येऊन हळूच सांगितलं, की आमचं आणि तुमचं मन एकच आहे. मारियेची मूर्ती कुठे आहे, हेही त्यांनी विचारलं. आज दुःखकाळाचा सतरावा दिवस आहे, असंही त्यांतल्या कुणीतरी सांगितलं. तो काळ ज्या दिवशी सुरू होतो तो भस्म बुधवार 1 मार्चला झाला होता. पुस्तक नाही, पाद्री नाही, घंटा नाही, आणि अडीचशे वर्षांनी त्यांची तिथी एका दिवसानेही चुकलेली नव्हती.

बंदी तेव्हा उठलेली नव्हती. दोन वर्षांनी उराकामीच्या लोकांची धरपकड सुरू झाली, हजारो जण परागंदा केले गेले आणि 1873 मध्ये परत आले. जिवाची हमी नसताना, एका परक्या पाद्र्यासमोर, आम्ही तेच आहोत हे सांगायला ते गेले होते.

निशिझाकावर 1962 मध्ये, संतपदाच्या शताब्दीला, शिल्पकार फुनाकोशी यासुताके यांनी घडवलेले सव्वीस पुतळे एका ओळीत बसवले. एकाचेही पाय भुईला टेकलेले नाहीत. फेलिपे मेक्सिको शहराचा पाठीराखा झाला, तिथली पोरं त्याच्या गोष्टी ऐकत वाढतात. गोन्सालोच्या वाट्याला मराठी इतिहासाच्या पुस्तकात क्वचितच एखादी ओळ येते. पोर्तुगिजांच्या प्रकरणात तो आपला वाटत नाही आणि संतांच्या प्रकरणात तर त्याला कोण घेणार! वसईने मात्र त्याला सोडलेलं नाही. गास गावचं चर्च त्याच्या नावाचं आहे, वसईत त्याच्या नावाचं कॉलेज आहे. तिथे शिकणाऱ्यांत सगळ्या जातिधर्मांची मुलं असतात आणि त्यांतली कित्येक ‘गार्सिया कॉलेज’ एवढंच म्हणतात. कोटात तो जिथे शिकला तिथल्या जेझुइट चर्चवर पुन्हा छप्पर चढलं आहे, त्याच्या सणाला तिथे मिसा होते. बायका लाल लुगडी नेसून येतात, बँड वाजतो, आणि कुपारी बोलीतल्या गप्पा तटाच्या बाहेरपर्यंत ऐकू येतात.